सोन्याच्या कुऱ्हाडीचा दांडा : युद्धातला कारखाना, शांततेतला कारखाना आणि वऱ्हाड

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण अमरावती-अकोल्यात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. आपण ती अभिमानानं म्हणतो. ते सोनं म्हणजे कापूस, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. पण हे सोनं पिकलं कधी, असं विचारलं की उत्तर बहुधा युद्धाकडे जातं. अमेरिकेत यादवी झाली आणि वऱ्हाडात पैसा आला. महायुद्धं झाली आणि गिरण्यांचे भोंगे रात्रंदिवस वाजले. मग शांतता आली आणि सगळं थंडावलं. युद्धात कारखाना चालतो, शांततेत बसतो, असा एक समज आपल्या मनात घर करून आहे.

आजच्या व्याख्यानात आम्ही हा समज तपासणार आहोत. त्यासाठी दोन पुस्तकं समोर ठेवतो. एक, स्वेन बेकर्ट यांचं 2014 साली आलेलं 'एम्पायर ऑफ कॉटन'. दुसरं, लक्ष्मण सत्या यांचं 1997 सालचं 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार'. पहिलं पुस्तक जगाचा इतिहास सांगता सांगता वऱ्हाडात येतं. दुसरं वऱ्हाडातच बसून 1850 ते 1900 हा काळ उलगडतं. दोन्ही पुस्तकांचं ऋण मान्य करूनच त्यांच्याशी वाद घालायचा आहे.

आधी बेकर्ट काय म्हणतात ते नीट ऐकू. कारखान्यांच्या युगाच्या आधी एक दुसरं युग होतं, आणि त्याला ते 'युद्ध-भांडवलशाही' म्हणतात. गुलामगिरी, जमिनी हिसकावणं, तोफा लावलेल्या जहाजांवरून चाललेला व्यापार, हे सगळं त्यात आलं. त्या लुटीच्या पायावर मँचेस्टरच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि मग 'औद्योगिक भांडवलशाही' आली. तिथे चाबकाची जागा करारानं घेतली, दरोड्याची जागा कायद्यानं, आणि खाजगी फौजेची जागा सरकारी खात्यानं. या स्थित्यंतरातला मोठा टप्पा म्हणजे 1861 ते 1865 ची अमेरिकन यादवी. गुलामांनी पिकवलेला कापूस बंद झाला आणि युरोपच्या गिरण्यांना तो हिंदुस्थान, इजिप्त, ब्राझील इथून काढावा लागला.

या मांडणीत दम आहे. आपण शाळेत वाफेचं इंजिन आणि सूतकताईची यंत्रं एवढीच औद्योगिक क्रांती शिकलो. त्या यंत्रांच्या तोंडात जो कापूस पडत होता तो कोणी वेचला, हा प्रश्न बेकर्ट विचारतात, आणि त्याचं उत्तर शोधत खामगावापर्यंत येतात. दोन युगं एकमेकांत मिसळलेली असतात, हेही ते नाकारत नाहीत. तरी पुस्तक वाचून संपवलं की मनात उरते ती एक चढती पायरी : आधी युद्धाची, मग कारखान्याची. आमचा आक्षेप या पायरीला आहे. वऱ्हाडातून पाहिलं तर ती दिसत नाही.

सुरुवात 1853 पासून करू. त्या वर्षीच्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. कशासाठी? हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च भागावा आणि तिच्यापायी साचलेलं देणं फिटावं म्हणून. म्हणजे इथला इंग्रजी कारभार सुरू झाला तोच एका फौजेच्या पगारासाठी. त्यानंतर जो सारा बसला, जी मोजणी झाली, जी कचेरी उघडली, ती सगळी कायद्यानं, दप्तरानं, शांतपणे. पण वहीच्या पहिल्या पानावर खर्च होता फौजेचा. हे युद्ध म्हणायचं की शांतता? बेकर्ट यांच्या दोन खणांपैकी कोणत्याही एका खणात 1853 चं वऱ्हाड बसत नाही.

आता येऊ 1861 ते 65 च्या सुवर्णकाळाकडे. कापसाचे भाव चढले हे खरं. त्या चार-पाच वर्षांत मुंबईत नेहमीच्या किमतीपेक्षा जास्तीचे सुमारे 8 कोटी पौंड आले, असा हिशेब सांगितला जातो. पण त्या वेळी वऱ्हाडातला कापूस मुंबईला जात कसा होता ते बघा. आगगाडी नागपूरला पोचली 1867 मध्ये. अमेरिकेतल्या दक्षिणेच्या फौजेनं शस्त्रं ठेवायला सुरुवात केली 1865 च्या एप्रिलमध्ये. म्हणजे युद्धाच्या बहुतेक काळात इथला माल बैलगाडीच्या चाकांवर होता. रस्त्यात धूळ, पाऊस, अडत्या, दलाल आणि त्यावर व्याज. कास्तकाराच्या ओट्यावर जो भाव पोचला तो मुंबईचा भाव नव्हता. आणि जी आगगाडी आपण 'कापसासाठी आली' म्हणतो, ती आली तेव्हा तेजी ओसरली होती.

मुंबईत त्या पैशाचं काय झालं हे प्रसिद्ध आहे. प्रेमचंद रायचंद यांच्या काळातले ते शेअर, बॅकबेच्या भरावाची कंपनी, रोज निघणाऱ्या नव्या बँका. युद्ध संपलं आणि 1865 मध्ये सगळं कोसळलं. जमशेटजी टाटा त्या वेळी कापसाच्या व्यवहारासाठी विलायतेत होते, त्यांच्या घराण्यालाही फटका बसला. मग हे घराणं सावरलं कशानं? दुसऱ्या एका युद्धानं. 1867-68 मध्ये इंग्रजांनी अ‍ॅबिसिनियावर स्वारी केली. त्या फौजेला रसद पुरवण्याच्या कंत्राटात जमशेटजींचे वडील नसरवानजी भागीदार होते. त्यात मिळालेल्या नफ्यानं हात मोकळा झाला. पुढे 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, कापसाच्या मुलखाजवळ गिरणी हवी या हिशेबानं.

इथे थोडं थांबू. एका युद्धाचा शेवट दोघांना लागला, व्यापाऱ्याला आणि कास्तकाराला. व्यापाऱ्याला सावरायला दुसरं कंत्राट मिळालं. कास्तकाराला मिळालं ते कर्जाचं खातं. यात टाटांना दोष देण्याचा हेतू नाही, त्यांनी निदान त्या पैशातून गिरणी काढली. मुद्दा असा की कंत्राट म्हणजे ठरलेली मागणी. माल घेणारा आधीच नक्की, पैसा देणारा आधीच नक्की. कारखान्याच्या इतिहासात ही गोष्ट यंत्राइतकीच महत्त्वाची आहे, आणि आजच्या व्याख्यानात आम्ही तिच्यावरच बोट ठेवणार आहोत.

1865 नंतरची वर्षं शांततेची. वऱ्हाडाचा कायापालट झाला तो या शांततेत. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले आणि जलंब-खामगाव फाट्याचं उद्‌घाटन झालं. व्होल्कार्टसारख्या परदेशी पेढ्या तिथे येऊन बसल्या. कापसासाठी खास कमिशनर नेमला गेला, त्यांचं नाव रिव्हेट-कार्नाक. या गृहस्थांच्या लिखाणात एक गोष्ट लपवलेली नाही. त्यांचा हिशेब थोडक्यात असा : रेल्वेनं विलायती कापड वऱ्हाडात स्वस्त पोचलं की इथले कातणारे-विणणारे हात रिकामे होतील, आणि तेच हात कापसाच्या शेतात मजुरीला येतील. म्हणजे माल जास्त आणि गिऱ्हाईकही जास्त, एका दगडात दोन पक्षी.

मंडळी, हे शांततेच्या काळातलं, सरकारी अहवालातलं, सभ्य भाषेतलं वाक्य आहे. यात तोफ नाही, चाबूक नाही. पण एका मुलखाचा उद्योग मोडून त्याला दुसऱ्याच्या उद्योगाचं कोठार करण्याचा बेत यात पुरा आहे. बेकर्ट या काळाबद्दल सविस्तर लिहितात आणि चांगलं लिहितात. आमचं म्हणणं एवढंच की याला 'युद्धानंतरचं युग' म्हणून वेगळं काढता येत नाही. लँकेशायरला युद्धात जी टंचाई सोसावी लागली ती पुन्हा सोसावी लागू नये, यासाठी केलेली ही तजवीज होती. बंदूक खाली ठेवली होती, पण तिची भीती आगगाडीच्या रुळांत ओतली होती.

आता वऱ्हाडातल्या कारखान्याकडे येऊ. इथला खरा कारखाना म्हणजे जिन आणि प्रेस. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी दोन शब्द. शेतातून येतो तो कापूस, त्यात सरकी असते. जिनमध्ये सरकी वेगळी होते आणि हाती येते ती रुई. ढोबळ मानानं क्विंटलभर कापसातून तिसरा हिस्सा रुई, बाकी जवळजवळ सगळी सरकी. मग ती रुई प्रेसमध्ये दाबून गठाण बांधतात. जिनच्या आधी हे काम घरोघरी हाताच्या रेच्यावर बायका करत. वाफेचा जिन आला आणि ते काम घरातून उठून गावकुसाबाहेरच्या टिनाच्या शेडमध्ये गेलं.

प्रेसचा विचार करा. कापूस इतका दाबायची गरज कोणाला आहे? शेजारीच सूतगिरणी असेल तर रुई सैल असली तरी चालते, उलट पुन्हा मोकळी करायचा त्रास वाचतो. दाबण्याची गरज रेल्वेच्या वाघिणीला आहे, जहाजाला आहे, कारण भाडं जागेवर ठरतं. म्हणजे वऱ्हाडात जे सर्वांत जड यंत्र आलं ते कापूस बाहेर स्वस्तात नेण्यासाठी आलं. त्यातून इथे कापड निघणार नव्हतं. बेकर्ट यांच्या पुस्तकात जिन-प्रेस येतात, पण कच्च्या मालाच्या वाटेवरचा एक थांबा म्हणून. मुख्य कारखाना मँचेस्टरचा. आम्हांला वाटतं, जगाचा कारखान्यांचा इतिहास वऱ्हाडातून लिहायचा तर सुरुवात या प्रेसपासून करावी लागेल. तो कारखानाच होता, त्यात इंजिन होतं, मजूर होते, मालक होते. फक्त त्यानं केलेल्या कामाची पुढची किंमत दुसऱ्या गावी मिळत होती.

आणि हा कारखाना चालत कसा होता? जिन-मालकांनी आपसांत 'पूल' केले होते. सगळ्यांनी मिळून दर ठरवायचा, काम काही जिननी करायचं आणि नफा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. त्यामुळे वऱ्हाडात असे जिन होते की जे हंगामभर बंद राहून पैसे कमवत. कास्तकाराला पर्याय उरत नसे. मजुरांचं बघा. हंगाम तीन-चार महिन्यांचा, कामावर बाया मोठ्या संख्येनं, तास बेसुमार. पण हंगामी कारखाने म्हणून ते 1911 च्या कायद्यापर्यंत बऱ्याच अंशी कारखाना-कायद्याच्या बाहेर होते. वाफेनं चालणारी, माणसं कामाला लावणारी जागा कायद्याच्या नजरेत पुरता कारखाना नव्हती, कारण ती वर्षभर चालत नव्हती.

हे सगळं फक्त इंग्रजानं केलं असं म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हणही आपलीच आहे. पुलात सामील झालेले मालक, दोन हंगामांचं व्याज एका हंगामात लावणारे सावकार, वजनात मारणारे अडते, यांतले बरेच इथलेच होते.

इथे सत्या यांचं पुस्तक उपयोगी पडतं. कापसाची वाढ आणि दुष्काळ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्यांनी ठासून मांडलं. ज्या जमिनीत ज्वारी होती तिथे पऱ्हाटी आली, गावची पेवं रिकामी झाली, आणि 1896-97 व 1899-1900 चे दुष्काळ आले तेव्हा 'सोन्याच्या' मुलखात माणसं अन्नाविना मेली. हे काम मोलाचं आहे. पण आमच्या दोन तक्रारी आहेत. पहिली, इंग्रजांपूर्वीचं वऱ्हाड या पुस्तकात जरा जास्तच सुखी वाटतं. इजारदारी आणि लुटालूट तेव्हाही होती. दुसरी तक्रार मोठी आहे : पुस्तक 1900 ला थांबतं. त्यामुळे दोन महायुद्धं बाहेर राहतात, आणि आपल्या समजुतीची खरी परीक्षा तर तिथेच होते.

ती परीक्षा आता करू. 1914 च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं तेव्हा हिंदुस्थानातल्या कापसाचे भाव कोसळले. कारण साधं आहे. आपला आखूड धाग्याचा कापूस लँकेशायर फारसा घेत नसे. तो जात असे जपानला आणि युरोप खंडातल्या जर्मनी, बेल्जियमसारख्या देशांना. युद्ध पेटलं आणि युरोपातलं ते गिऱ्हाईक एका महिन्यात शत्रूच्या गोटात किंवा शत्रूच्या ताब्यात गेलं. 1915 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटननं कापूस हा युद्धसाहित्याच्या निषिद्ध यादीत घातला, कारण बिनधुराच्या दारूसाठी लागणारं नायट्रोसेल्युलोज कापसापासून करतात. ज्या मालाकडे आपण धोतराच्या नजरेनं बघतो, त्याच्याकडे सरकार तोफेच्या नजरेनं बघत होतं.

पुढे युद्धाच्या शेवटच्या वर्षांत भाव चढले, गिरणीमालकांना नफा झाला. 1917 मध्ये हिंदुस्थान सरकारनं ब्रिटनच्या युद्धखर्चासाठी 10 कोटी पौंड देऊ केले, आणि त्या रकमेची सोय करताना आयात कापडावरची जकात साडेतीन टक्क्यांवरून साडेसात टक्के झाली. देशी कापडावर 1896 पासून साडेतीन टक्के अबकारी होतीच, ती तशीच राहिली. तरी पहिल्यांदाच देशी गिरण्यांना थोडं संरक्षण मिळालं. बघा, हिंदुस्थानी पुढारी वीस वर्षं जे मागत होते त्यातलं थोडं मिळालं, तेही साम्राज्याला पैसा हवा होता म्हणून. त्याच 1917 साली कापसाची चौकशी करायला समिती बसली. तिच्या कामाचा रोख कशावर? धागा लांब कसा होईल यावर. गिरणीला सोयीचा कापूस कसा पिकेल, हा प्रश्न. कास्तकाराला सोयीची गिरणी कशी निघेल, हा प्रश्न कोणाच्या पत्रिकेवर नव्हता.

दुसरं महायुद्ध तर आणखी बोलकं आहे. मुंबईच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला 'ऊमरा' म्हणत. हे आपल्या उमरावतीचंच, म्हणजे अमरावतीचंच नाव. हा ऊमरा कापूस दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सर्वांत जास्त घेतला जपाननं. इतका, की 1933 मध्ये हिंदुस्थाननं जपानी कापडावर जबर जकात बसवली तेव्हा जपानी गिरण्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार टाकून सरकारला वाटाघाटीला बसवलं. 1934 च्या करारात सरळ अदलाबदल झाली : जपाननं 15 लाख गाठी कापूस घेतला तर त्याला 40 कोटी वार कापड इथे विकता येईल. वऱ्हाडातल्या शेताचा हंगाम सिमल्याच्या आणि ओसाकाच्या टेबलावर ठरत होता.

1941 च्या जुलैमध्ये जपानशी व्यवहार गोठवले गेले, डिसेंबरमध्ये जपान युद्धात उतरला, आणि हे गिऱ्हाईक संपलं. आता चित्र कसं झालं ते लक्षात घ्या. देशभरातल्या कापडगिरण्यांना फौजेच्या ऑर्डरी, बाहेरचं कापड बंद, नफा इतका की सरकारला 1940 पासून जादा नफ्यावर कर लावावा लागला आणि 1943 मध्ये कापडाच्या दरावर नियंत्रण आणावं लागलं. आणि त्याच देशातल्या आखूड धाग्याच्या कापसाला गिऱ्हाईक नाही. सरकार कास्तकाराला सांगतंय, कापूस कमी करा, धान्य जास्त पिकवा. म्हणजे अकोल्यात गिरणीच्या कुंपणाच्या आत युद्धानं तेजी आणली आणि कुंपणाच्या बाहेर मंदी. एकच युद्ध, एकच गाव, दोन हिशेब. 'युद्धात वऱ्हाडाची चांदी झाली' असं म्हणणाऱ्यानं आधी सांगावं, कुंपणाच्या कोणत्या बाजूचं वऱ्हाड?

म्हणून आमचा निष्कर्ष असा आहे. कारखाना युद्धानं चालत नाही आणि शांततेनं बंद पडत नाही. कारखाना चालतो हमीच्या मागणीवर. युद्धात सरकार स्वतः गिऱ्हाईक होतं, म्हणून ते युद्धाचं कर्तृत्व वाटतं. ज्याला ती हमी मिळते त्याची भरभराट होते. वऱ्हाडात ती हमी गिरणीला कधीमधी मिळाली, प्रेसला पुलामुळे मिळाली, कापसाला जवळजवळ कधीच नाही.

हे तपासून पाहायचं असेल तर स्वातंत्र्यानंतरचा काळ बघा. नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला भुसावळ आणि वरणगाव, पूर्वेला पुलगावचा दारूगोळा डेपो, अंबाझरी, भद्रावती, भंडारा. 1962 च्या चीन युद्धानंतरच्या वर्षांत विदर्भात आयुध निर्माणींची रांग उभी राहिली. मधल्या अमरावती-अकोल्यात मात्र कापडाच्या गिरण्या : बडनेऱ्याची, अकोल्याची सावतराम आणि मोहता, अचलपूरची विदर्भ मिल. युद्धासाठी काढलेल्या कारखान्यांनी पुढची पन्नास-साठ वर्षं, बहुतांश शांततेच्या काळात, पगार दिला, क्वार्टर दिले, पेन्शन दिली. आणि कापड, जे शांततेत प्रत्येकाला लागतं, ते विणणाऱ्या गिरण्या एकेक करून आजारी पडल्या. अकोल्याच्या दोन्ही आणि अचलपूरची मिल 1974 च्या कायद्यानं सरकारकडे आल्या, तरी टिकल्या नाहीत. अचलपुरात पुढे फिनले मिल नव्यानं निघाली. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तिचं उत्पादन थांबलं आणि कामगारांवर रस्त्यावर येऊन मागणी करण्याची पाळी आली.

यावर कोणी म्हणेल, अहो, गिरण्या बंद पडल्या त्या जुन्या यंत्रांमुळे, यंत्रमागाच्या स्पर्धेमुळे, ढिसाळ कारभारामुळे. यात तथ्य आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण जुनाट यंत्र आणि ढिसाळ कारभार हे दुखणं कुठल्याही सरकारी कारखान्याला होऊ शकतं. प्रश्न औषधाचा खर्च कोण उचलतो हा आहे. बंदुकीच्या कारखान्यासाठी तो उचलला जातो, कारण राष्ट्राला बंदूक लागतेच असं आपण मानलं आहे. कापडाच्या बाबतीत तसं मानलेलं नाही. 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा तिथल्या कामगारांनाही पहिल्यांदा तीच धास्ती वाटली जी गिरणी कामगाराला ठाऊक होती : उद्या ऑर्डर नसेल तर? आणि त्या नोकरीचीही किंमत असते, हे जानेवारी 2025 मध्ये भंडाऱ्याच्या निर्माणीतल्या स्फोटानं दाखवलं. आठ माणसं गेली. शस्त्राचा कारखाना शांततेच्या दिवशीही युद्धाइतका धोका अंगावर घेतो.

कापसाला हमी देण्याचा एक प्रयत्न झाला, तो विसरून चालणार नाही. 1972 साली महाराष्ट्रानं कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. तिच्यावर टीका पुष्कळ झाली, चुकारे रखडले, तोटा वाढला. तरी ती योजना एक गोष्ट मान्य करत होती की मागणीची हमी कास्तकारालाही असू शकते. तिची खरी उणीव आम्हांला वेगळी वाटते. हमी जिनच्या फाटकापाशी संपत होती. पुढे गठाण बांधून माल पुन्हा बाहेरच जात होता. सहकारी सूतगिरण्या निघाल्या, त्यांतल्या अनेक बंद पडल्या. म्हणजे 1870 चा प्रेस आपण मोडला नाही, फक्त त्याचा मालक बदलला.

आणि आज? आज तोफेचं युद्ध लांब आहे, पण व्यापाराचं युद्ध घरात आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावलं. कपड्याच्या निर्यातदारांना फटका बसणार हे उघड होतं. त्यांना दिलासा म्हणून केंद्रानं काय केलं? कापसावरची 11 टक्के आयातजकात 19 ऑगस्टपासून माफ केली, आणि ती माफी पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. सीतादही ते दिवाळी, दिवाळी ते मार्गशीर्ष, म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायचा काळ. त्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये होता. तो मिळवायला सरकारी खरेदी केंद्रावर नंबर लागावा लागतो. ज्याला थांबता येत नाही तो बाजारात पडेल भावाला देतो. कारखान्याला युद्धाची झळ लागू नये म्हणून ती शेताकडे वळवायची, ही रीत 1865 ची, 1941 ची आणि 2025 चीही.

शेवटी नांदगाव पेठकडे येऊ. 20 सप्टेंबर 2024 रोजी अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली, हजार एकरांचा प्रकल्प. या योजनेचं सूत्र आहे : शेतापासून धागा, धाग्यापासून कारखाना, कारखान्यापासून फॅशन आणि तिथून परदेश. गिरणी आपल्या कापसाजवळ येत असेल तर त्याचं स्वागतच आहे, जमशेटजींनी नागपुरात तोच विचार केला होता. पण टीकाकाराचं काम टाळ्या संपल्यावर सुरू होतं. त्या सूत्राचा शेवटचा शब्द 'परदेश' आहे. म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा लांबचं, त्याच्या मर्जीवर चालणारं. त्यानं ऑर्डर थांबवली तर तो भार पहिल्यांदा कोणावर पडणार, हे करारात लिहिलं आहे का? तिथल्या गिरण्या वऱ्हाडचा कापूस किती घेणार, हे बांधील आहे का? हंगामी म्हणून कामगार पुन्हा कायद्याच्या उंबरठ्याबाहेर राहणार नाहीत ना? हे तीन प्रश्न पायाभरणीच्या पाटीवर कोरता येत नाहीत, पण जिल्हा नियोजनाच्या बैठकीत विचारता येतात.

बेकर्ट यांचं पुस्तक जरूर वाचा, सत्या यांचंही वाचा. वाचताना 'युद्ध' आणि 'शांतता' हे शब्द आले की शेजारी पेन्सिलनं एक प्रश्न लिहा : कोणाचं? या दोन शब्दांनी मँचेस्टरचा इतिहास दोन भागांत नीट कापता येतो. वऱ्हाडात त्यांची धार बसत नाही, कारण इथे युद्धाची खरेदी आणि शांततेची उधारी एकाच वहीत लिहिलेली आहे. शकुंतला रेल्वेच्या मँचेस्टरच्या इंजिनाबद्दल आपण हळवे होतो, ते होऊ या. पण त्या गाडीत काय भरून जात होतं आणि बदल्यात काय येत होतं, हेही मुलांना सांगू या. सोन्याची कुऱ्हाड ही म्हण आम्हांला टाकून द्यायची नाही. कुऱ्हाड आहे, सोनंही आहे. दांडा कोणाच्या हातात आहे, एवढं विचारायची सवय लागली तरी आजचं बोलणं सार्थकी लागलं असं आम्ही समजू.